त्याचा उपयोग काय?

(शास्त्रपाठ : उत्पत्ती १:२४-२५)



हैदराबाद विद्यापीठाला लागून कांचा गच्चीबावलीचे खडकाळ रान आहे. या परिसरात आठ पायांचा एक कोळी राहतो. झाडाच्या सालीशी तो असा एकरूप होतो की, जवळ जाऊनही दिसू नये. २०१० साली शास्त्रज्ञांनी त्याला आपल्या शहराचे नाव दिले : मुरिसिया हैदराबादेन्सिस.

मार्च २०२५ च्या अखेरीस या रानातील ४०० एकरांवर यंत्रे शिरली. तेथे संगणक उद्योग आणण्याचा सरकारचा विचार होता. विद्यार्थ्यांनी विरोध केला. ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने काम थांबविले. पण तोवर सुमारे १०० एकरांवरील झाडे गेली होती.

उपासनेनंतर एका बंधूंनी मला विचारले, “कोळ्याचा उपयोग काय हो? आमच्या मुलांना नोकऱ्या हव्यात.” हा प्रश्न दुष्टपणाचा नाही. माझ्याही घरी नोकरी शोधणारा मुलगा आहे. आणि माझ्या घराचा पाया अडीचशे कोटी वर्षांच्या याच जातीच्या खडकाचा आहे. तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार मला नाही.

तरीपण शास्त्र काय दाखविते? देवाने रांगणारे जीव केले आणि ते चांगले आहेत असे पाहिले, तेव्हा मनुष्य अजून निर्माण व्हावयाचा होता. उपयोग विचारणारा कोणीच नव्हता. नोहाच्या तारवातही केवळ कामाचे प्राणी चढले नाहीत. आपल्याला सत्ता मिळाली ती कारभाऱ्याची; धन्याची नव्हे. कारभाऱ्याने शेत कसावे, घर बांधावे. पण धन्याचे जे आहे ते कायमचे पुसून टाकू नये. कारखान्याला दुसरी जागा शोधता येते. या कोळ्याला आपले झाड पाठीवर घेऊन जाता येत नाही.

आणखी एक भय आहे. ‘उपयोग काय?’ हे माप एकदा हाती आले की ते कोळ्यापाशी थांबत नाही. अंथरुणाला खिळलेली आजी, मंडळीतील मतिमंद मूल, नोकरी न मिळालेला माझाच मुलगा यांनाही आपण त्याच मापाने मोजू लागतो. आपण निरुपयोगी असताच प्रभूने आपणांस जवळ केले, हे विसरून कसे चालेल?

म्हणून मुलासाठी भाकर मागताना मी आता एवढे जोडतो : बापा, ती दुसऱ्या जिवाचे घर मोडून मिळू नये.