लहानांनी मैदानात का उतरावे?

औंधच्या यमाईच्या डोंगरावरून खाली पाहिले म्हणजे सारे गाव एका दृष्टिक्षेपात सामावते. ह्या गावाचे नाव धारण करणारे संस्थान सातारा-सांगलीच्या मुलखात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले होते. गावे ७२, आणि १९३१ च्या सुमारास वस्ती जेमतेम पाऊण लाख. एवढ्याशा संस्थानाने १९३९ साली प्रजेच्या हाती कारभार सोपविणारी राज्यघटना स्वीकारली. आणि त्याचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार थेट विलायतेपर्यंत केला. परवा त्या डोंगराच्या पायऱ्यांवर बसलो असता एक प्रश्न आमच्या मनात घोळू लागला. आकाराने आणि बळाने लहान असलेल्या राष्ट्राने, जिंकण्याची आशा नसताना, ऑलिंपिकसारख्या जागतिक सामन्यांत का उतरावे?

हा प्रश्न वरवर वाटतो तितका करमणुकीचा नाही. ज्या देशात पिण्याच्या पाण्याची व शाळांची वाण आहे, त्याने चार खेळाडूंस परदेशी धाडण्यात द्रव्य खर्चावे काय, असे विचारणारा मनुष्य अरसिक असेल, पण मूर्ख खास नव्हे. त्यास सामान्यतः जे उत्तर देण्यात येते ते असे की, विजयापेक्षा सहभाग महत्त्वाचा. हे वचन ऑलिंपिकचे पुनरुज्जीवक कूबर्तँ यांच्या नावावर प्रसिद्ध आहे. वस्तुतः त्याचे मूळ १९०८ च्या लंडन येथील सामन्यांच्या वेळी एका अमेरिकन बिशपाने केलेल्या प्रवचनात आहे. वचन सुंदर आहे यात शंका नाही. तथापि ते बहुधा जिंकणाराच्या तोंडी शोभते आणि हरणाराच्या कानास बोचते, असा आमचा अनुभव आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाचा एक विद्यार्थी विद्यापीठाच्या सामन्यांत लांब पल्ल्याच्या शर्यतीत सर्वांच्या मागून आला. आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "अरे, धावलास हेच पुष्कळ झाले." तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "सर, माझी वेळ किती लागली तेवढे सांगा." वेळ आम्ही पाहिलीच नव्हती! त्या दिवशी आम्हांस मनोमन लाज वाटली. त्यास सांत्वन नको होते. मोजमाप हवे होते. आपण त्याच्यावर दया करीत होतो, आणि दयेत मोजणे नसते.

आमच्या मते मूळ प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. लहानाने मैदानात उतरावयाचे ते एकाच मापाने मोजले जाण्यासाठी. १९२० साली सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानचे सहा खेळाडू अँटवर्पला गेले. देश परतंत्र होता. फडेप्पा चौगुले मॅरॅथॉनमध्ये एकोणिसावे आले, तर कुस्तीत रणधीर शिंदे यांचा चौथा क्रमांक लागला. पदक एकही नाही. परंतु तेथले घड्याळ आणि तेथला आखाडा राज्यकर्ता कोण नि प्रजा कोण हे विचारीत नव्हते. ज्या १९४८ साली औंध संस्थान विलीन झाले, त्याच साली ह्याच सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव लंडनमध्ये सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले, आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक ठरले. लंडनने उणीव दाखविली नसती तर हेलसिंकी घडले असते काय?

यावर कोणी म्हणेल, लहान राष्ट्रांस पात्रतेवाचून ज्या जागा देण्यात येतात ती तर दयाच नव्हे काय? इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसांबानी अशाच जागेवर २००० साली सिडनीस गेला. पोहणे शिकून त्यास काही महिनेच झाले होते. शंभर मीटर अंतरास त्यास १ मिनिट ५२.७२ सेकंद लागले आणि जग हसत हसत टाळ्या वाजवू लागले. पण त्याचे पुढचे चरित्र टाळ्यांहून मोलाचे आहे: त्याने सराव चालू ठेवला, आपली वेळ मिनिटाच्या आत आणली, आणि नंतर तो आपल्या देशातील जलतरणपटूंचा शिक्षक झाला. दार दयेने उघडले असेल. आत गेल्यावर त्याने दया मागितली नाही.

मात्र कर्तव्य एकट्या खेळाडूचे नाही. २०२४ साली पॅरिस येथे डोमिनिकाच्या थिआ लाफाँडने तिहेरी उडीत आणि सेंट लुशियाच्या ज्युलियन आल्फ्रेडने शंभर मीटर धावण्यात सुवर्णपदक जिंकले. दोन्ही देशांचे हे पहिलेच पदक. डोमिनिकाची वस्ती सुमारे सत्तर हजार, म्हणजे जुन्या औंध संस्थानाहूनही किंचित कमीच! परंतु दोघींचेही विद्यापीठीय शिक्षण आणि तयारी अमेरिकेत झाली, हे विसरता येत नाही. यशात वाटा मागणाऱ्या देशाने आपण मैदान दिले काय, शिक्षक दिला काय, हे स्वतःस विचारावयास हवे. खाशाबांच्या हेलसिंकी प्रवासासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. त्या पदकाचा अभिमान बाळगण्याचा अधिकार खर्डेकरांनी विकत घेतला होता. आपल्यापैकी पुष्कळांनी तो फुकट घेतला. ज्याने खेळाडूस काही दिले नाही त्याने त्याच्या पराभवावर बोट ठेवू नये, हा न्याय लहान राष्ट्रास लागू आहे आणि आमच्यासारख्या अवाढव्य राष्ट्रास तर दुपटीने.

सूर्यनमस्कारात प्रतिस्पर्धी नसतो. काल किती घातले आणि आज किती, एवढाच हिशेब. पण तो हिशेब खरा ठेवावा लागतो. जागतिक मैदान लहान राष्ट्रासाठी हेच काम करते: त्याची संख्या त्यास खरी सांगते. आमचा तो विद्यार्थी पुढच्या वर्षी पुन्हा धावला. क्रमांक त्या खेपेसही आला नाही. परंतु घड्याळ आमच्या हाती होते, आणि शेवटची रेषा ओलांडताच त्याने विचारण्यापूर्वी आम्ही त्यास त्याची वेळ सांगितली.