आल्यावर बदलतो

गाडीनं दगा दिला, असं चारचौघांत सांगत फिरतोयस म्हणे. आता माझ्यासमोर सांग. माझ्या डोळ्यांत बघून सांग. जमत नाही ना? जमणार नाही. दगा कोणी दिला, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

दिवाळीत तुझी जीप माझ्या दारात उभी होती. बॉनेट उघडं होतं. रेडिएटरचा वरचा होज पाईप तूच बोटांनी दाबलास आणि तूच म्हणालास, "सर, मऊ पडलाय. क्लिपपाशी फुगलाय." मी म्हटलं, बदल. तू म्हणालास, "जैसलमेरहून आल्यावर बदलतो." आल्यावर! फुगलेला पाईप तू घरी पोचेपर्यंत दम धरून बसतो का रे? त्याला तुझ्या रजेचं वेळापत्रक कळतं का?

पाईप जैसलमेरजवळच्या खुरीच्या पुढे वाळूत फुटला. आता तू म्हणतोस, "वाळवंटातलं ऊन, सर. इंजिन तापलंच." कुठलं ऊन? जानेवारीत गेला होतास. जैसलमेरला जानेवारीत रात्री रजई लागते. उन्हावर ढकलू नकोस. धोऱ्यावर, म्हणजे वाळूच्या टेकडीवर, चढताना गाडी लो गिअरमध्ये असते. इंजिन जोरात फिरतं आणि चाकं माणसाच्या चालीनं चालतात. समोरून वारा येत नाही. पंखा ओढेल तेवढीच हवा रेडिएटरला मिळते. म्हणून पाणी तापतं, दाब वाढतो आणि जिथे रबर कच्चं तिथे फुटतं. हे मी तुला शिकवलेलं नाही. हे मागच्या वर्षी फळ्यावर काढून तू माझ्या नव्या पोरांना शिकवलंस! तुला कळत नव्हतं असं तू म्हणू शकत नाहीस. ती पळवाट तुझी तूच बंद केलीस.

दुसरी सबब: "पार्ट मिळत नाहीत." लाज वाटत नाही असं बोलायला? विलीजच्या जीप या देशात जोडल्या गेल्या त्या मुंबईत, माझगावात. पुढे महिंद्रानं सीजे-३बी इथेच वर्षानुवर्षं बनवली. लष्करात, पोलिसांत, वनखात्यात, कारखान्यांच्या आवारात ती राबली. भारतात या जीपचे पार्ट मिळत नाहीत म्हणणं म्हणजे पंढरपुरात बुक्का मिळत नाही म्हणण्यासारखं आहे. आणि तुला हवं काय होतं? एक रबरी पाईप आणि दोन क्लिपा! बॉनेटच्या जुन्या रंगाची नेमकी छटा मिळावी म्हणून तू तीन शहरं पालथी घातलीस. पाईपासाठी कोपऱ्यावरच्या दुकानात जायला पाय मोडले होते का? रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

तिसरी सबब तर मला ऐकवतही नाही. "जुनी विलीज म्हटली की तेल गळणारच, सर. तो तिचा स्वभाव आहे." स्वभाव गाडीचा नाही, तुझा आहे. पुढच्या डाव्या चाकाच्या नकलवर, म्हणजे वळणाऱ्या सांध्यावर, फेल्टचं सील असतं. ते वाळून कडक झालंय. किंगपिनला खेळ आलाय. स्टिअरिंग थरथरतं ते त्यामुळे. आणि एक साधी गोष्ट तू विसरलास. जिथून तेल बाहेर येतं, तिथूनच वाळू आत जाते. आपल्याकडे गळती म्हणजे अंगणात डाग. थरच्या वाळवंटात गळती म्हणजे बेअरिंगमध्ये सॅंडपेपर. नकल उघडली तेव्हा ग्रीस हातात घेऊन चोळलंस ना? कचकच लागली ना? ती कचकच म्हणजे तुझं "स्वभावच आहे".

आणि एअर क्लीनर? तुझ्या गाडीला तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर आहे. आत येणारी धूळ तेलात बसते आणि स्वच्छ हवा कार्बोरेटरला जाते. साधी, शहाणी रचना आहे. पण वाटी चिखलानं भरली की ती काही करू शकत नाही. धुळीत फिरताना ती रोज संध्याकाळी उघडून बघायची. पाच मिनिटांचं काम. चार दिवसांत तू एकदाही उघडली नाहीस. बॉनेट मात्र रोज सकाळी पुसलंस. फोटो मी पाहिलेत. बॉनेट चकाकतंय आणि त्याच्याखाली इंजिन धूळ गिळतंय.

त्या बॉनेटबद्दल तू केवढं बोलतोस! सीजे-३बीचं बॉनेट उंच का, हे भेटेल त्याला सांगतोस. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये, २,१९९ सीसीचं हरिकेन इंजिन उंच झालं म्हणून बॉनेट उंच झालं. बरोबर आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी टॅपेटचा गॅप सांगशील: थंड इंजिनावर इनटेक ०.०१८ इंच, एक्झॉस्ट ०.०१६. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. पाठांतर उत्तम! फीलर गेज शेवटचा कधी लावलास? सांग ना. तारीख सांग. जे तोंडावर आहे ते हातात का येत नाही?

चाकाचं तर बोलायलाच नको. वाळूत हवा कमी करायची, हे खरं. १५ पीएसआयवर ठेव, असं मी सांगितलं होतं. तुझ्या टायरमध्ये ट्यूब आहे, हेही बजावलं होतं. तू ८ वर आणलीस. टायर रिमवर सरकला आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून फाटला. मग चाक काढायला बसलास. चाक डाव्या बाजूचं. या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. तू नेहमीच्या दिशेनं पान्यावर उभा राहून उड्या मारल्यास आणि दोन स्टड तोडलेस. नट सुटत नव्हता म्हणतोस? तू तो आवळत होतास! ते उलटे आटे मी तुला तुझ्याच हातानं सोडवायला लावले होते. दोनदा. चूक विसरण्याची नाही. थांबून विचार न करण्याची आहे. घाबरलास की ताकद लावतोस. वाळवंटात ताकद लावणारा आधी हरतो.

वाळूला तू काय समजलास? लोंगेवाला तिथून फार लांब नाही. १९७१ च्या डिसेंबरात, ४ आणि ५ तारखेच्या रात्री, तिथे पाकिस्तानचे रणगाडे मऊ वाळूत रुतले. सकाळी जैसलमेरहून आपली हंटर विमानं आली तेव्हा ते उघड्यावर सापडले. पट्ट्यांवर चालणारे रणगाडे! जिथे ते रुतले तिथे तू अर्धवट गाडी, फाटका पाईप आणि भरपूर हौस घेऊन उतरलास.

आणि वाळू जिंकताच येत नाही असंही नाही. राल्फ बॅग्नोल्ड हे नाव मी तुला दिलं होतं. १९२० आणि ३० च्या दशकांत या माणसानं साध्या फोर्ड गाड्या घेऊन लिबियाचं वाळवंट पालथं घातलं. तुझ्याकडे आहे तो फोर बाय फोर त्याच्याकडे नव्हता. त्यानं काय केलं? रेडिएटरची वाफ नळीनं एका डब्यात नेली. डबा थंड झाला की पाणी परत रेडिएटरमध्ये ओढलं जाई. तो वाफ वाया जाऊ देत नव्हता! वारा येतो त्या बाजूची वाळू दाबून घट्ट बसते आणि पलीकडचा उतार भुसभुशीत असतो, हे तो डोळ्यांनी वाचायला शिकला. पुढे वाऱ्यानं वाळू कशी वाहते यावर १९४१ मध्ये त्यानं ग्रंथ लिहिला, आणि तो आजही अभ्यासला जातो. त्याचा उजेड वाळूच्या कणापर्यंत पोचला. तुझा उजेड तुझ्या बॉनेटपर्यंत.

आता पाण्याचं. इथे मी आवाज चढवणार आहे आणि तू ऐकणार आहेस. या जीपच्या रेडिएटर आणि इंजिनात मिळून दहा-अकरा लिटर पाणी मावतं. माणसाला वाळवंटात दिवसाला किमान चार-पाच लिटर लागतं. तुम्ही दोघं होतात. तू बारा बाटल्या नेल्या होत्यास. हिशेब कर. पाईप फुटला तेव्हा तू प्यायचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलंस. फाटक्या पाईपात! ते वाळूत गेलं. फोनला रेंज नव्हती. कुठल्या वाटेनं जातोय, हे तू कोणालाही सांगून गेला नव्हतास. आणि शेजारच्या सीटवर तुझा धाकटा भाऊ बसला होता. तुझी आई त्याला तुझ्या भरवशावर पाठवते.

शेवटी ढाणीवरचा, म्हणजे तिथल्या छोट्या वस्तीवरचा, एक म्हातारा पाण्याचा हंडा घेऊन आला. पाणी कुठलं? त्यांच्या टांक्यातलं. पावसाळ्यात साठवलेलं, वर्षभर पुरवून वापरायचं पाणी. तिथल्या बायका थेंब मोजून खर्चतात. ते तुम्ही प्यायलात आणि राहिलेलं इंजिनात ओतलंत. तुझ्या आळसाचं बिल कोणी भरलं? तू? दीडशे रुपयांच्या पाईपाचं बिल त्या घरानं पाण्यानं भरलं. हे डोक्यात राहू दे.

आणि मळलेली वाट सोडून सेवण गवतातून गाडी का घातलीस? "शॉर्टकट होता"? अरे, तू सोलापूरचा. नान्नजचं माळरान तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. १९७९ पासून तिथे माळढोकासाठी अभयारण्य आहे आणि आज तिथे माळढोक दिसणं म्हणजे नशीब. लहानपणी तू तो पाहिलास, हे सांगताना तुझा आवाज बदलतो. मी ऐकलंय. तोच पक्षी थरमध्ये गोडावण. उरलेल्यांपैकी बहुतेक तिथेच आहेत. मादी उघड्या जमिनीवर अंडं घालते, बहुधा एकच. घरटं नाही, काड्या नाहीत, नुसती जमीन. तू ज्या गवतावरून चाकं नेलीस तिथे काय होतं, हे उतरून पाहिलंस का? आपल्या माळावरून जो गेला, तो दुसऱ्याच्या माळावर तुझ्या टायरखाली जायला हवा का? वाट असते ती वापरायला. पायवाट, उंटवाट, गाडीवाट, सगळ्यांना कारण असतं.

एवढं का बोलतोय मी? तू अडाणी असतास तर दोन शब्दांत सोडलं असतं. कच्चं पोर चुकतं, शिकतं. पण तू डोळे मिटून टॅपेट ऐकतोस आणि कुठल्या सिलिंडरचा ते सांगतोस. माझ्याकडे आलेल्या पोरांत असा कान दुसऱ्या कोणाला नव्हता. गंजलेला सांगाडा होता ही जीप. तू ती उभी केलीस. सोलापूरहून जैसलमेरपर्यंत चालवत नेलीस, तेही मी मानतो. म्हणूनच राग आहे. गाडी तुझ्याशी बोलत होती, तुला ऐकू येत होतं आणि तू "आल्यावर" म्हणालास. ऐकू न येणारा माणूस मी समजू शकतो. ऐकून न ऐकल्यासारखं करणारा नाही.

रविवारी सकाळी सात वाजता ये. साडेसात नाही. जुने कपडे घाल. आधी डावी नकल पुन्हा उघडायची, मग दोन्ही स्टड, मग सगळे होज पाईप, चांगले दिसणारेही. ढाणीवरच्या त्या घरी काय पाठवायचं ते तू ठरव, पण पाठवल्याशिवाय बॉनेटला हात लावायचा नाही.

आणि वही घेऊन ये. तीच, मी दिलेली. तिच्यातली शेवटची नोंद अकरा महिन्यांपूर्वीची आहे, हे मी पाहिलंय. नवं पान काढ. तारीख घाल. पहिल्या ओळीत लिही: वरचा होज पाईप फुगला होता. दुसऱ्या ओळीत लिही: मला माहीत होतं.

मग पाना उचल.