तबकडीचा रंग

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी निवृत्तीनिमित्त उंची स्विस घड्याळ घ्यावयाचे ठरविले व आम्हांस विचारले, "फादर, तबकडी निळी असावी की पांढरी? आणि परपेच्युअल कॅलेंडर हवे का?" दुकानात निळी तबकडी पाहून क्षणभर आमचेही मन लोभावले, हे आम्ही कबूल करतो.

केवळ अचूकता हवी असेल, तर हा खर्च व्यर्थ होय. १९६९ च्या नाताळदिनी जपानमध्ये विक्रीस आलेले पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ महिन्याला सुमारे ५ सेकंद चुके. पुढे ते तंत्र स्वस्त झाले. उत्तम यांत्रिक घड्याळ दिवसाकाठी तेवढे चुकू शकते. मग मोल कशाचे? कारागिराच्या हाताचे. चार वर्षांत एकच फेरा घेणारे चाक २९ फेब्रुवारी ध्यानात ठेवते, हे कौतुक खोटे नव्हे. तथापि, पोप ग्रेगरी तेरावे यांच्या १५८२ च्या सुधारणेनुसार २१०० हे लीप वर्ष नाही. त्या साली अशी बहुतेक 'चिरंतन' घड्याळे चुकतील.

गृहस्थांना आम्ही एवढेच म्हणालो: मुलगा आखातात आहे, तेव्हा दोन ठिकाणची वेळ दाखविणारे घड्याळ अधिक उपयोगाचे. रंग आपल्या डोळ्यांना रुचेल तो घ्यावा, शेजाऱ्याच्या डोळ्यांत भरावा म्हणून नव्हे. आणि आजाऱ्याच्या उशाशी बसताना ते बाहीखाली झाकून ठेवावे. आपला किती वेळ त्याला देत आहोत, हे तेथे मोजावयाचे नसते.