कोळ्याची पुण्याई

शाबान महिना लागला की आमच्याकडे जळमटे काढण्याची घाई सुरू होते. शब-ए-बरात तोंडावर, पाठोपाठ रमजान. वेळूच्या काठीला केरसुणी बांधायची, तोंडाला फडके गुंडाळायचे आणि आढ्यापासून सुरुवात करायची. घरात जाळी राहिली की बरकत जाते, असे दादी सांगायच्या. हा बोल हजरत अली (र.) यांच्या नावानेही सांगितला जातो. पण याच दादी केरसुणीखाली कोळी चिरडू द्यायच्या नाहीत. जाळे काढा, त्याला जाऊ द्या, एवढेच म्हणायच्या. त्या वयात आम्हाला यात काही विचारण्यासारखे वाटले नाही.

महाड औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्यांची पुष्कळ मुले आमच्या वर्गात असतात. कोणी इथली कोकणी, कोणी उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेली. कोळी घरात येऊ नयेत म्हणून घरी काय करतात ते लिहून आणा, असे आम्ही त्यांना एकदा सांगितले. लोबान आणि कडुलिंबाच्या पाल्याची धुरी, कोपऱ्यात कापूर, चौकटीला निलगिरीचे तेल, लिंबाची साल, पुदिन्याचे पाणी, रॉकेलचा बोळा, वर्षाकाठी चुन्याचा हात, असे बरेच काही आले. एका मुलाने लिहिले होते की अब्बा कंपनीतून आणलेल्या कसल्याशा पाण्याने भिंत पुसतात. मग कोळी आठ दिवस फिरकत नाही, पण अम्मी खोकते. आम्ही वही मिटली आणि त्याच्या अब्बांना भेटायला बोलावले.

यातले खरे किती? 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका परदेशी अभ्यासात पुदिन्याच्या तेलाला काही जातींचे कोळी टाळतात असे दिसले. लिंबाच्या तेलाचा मात्र परिणाम दिसला नाही. ते कोळी आपल्याकडचे नव्हेत, हेही ध्यानात घ्यावे. धुरीने डास उठतात आणि डास हेच तर कोळ्याचे अन्न. दारावरचा दिवा रात्रभर जळत ठेवायचा, त्यावर किडे जमवायचे आणि मग कोळी का आला म्हणून लिंबू घासायचे, यात अर्थ नाही. दिवा मालवावा, फटी बुजवाव्यात. उपाशी कोळी आपणहून बिऱ्हाड हलवतो.

उपायांची चर्चा चालू असतानाच ती घटना घडली. वर्गात निघालेला एक कोळी एका मुलाने वहीच्या कागदावर अलगद उचलून खिडकीबाहेर सोडला. त्याच मुलाने मधल्या सुट्टीत कुंपणावरचा सरडा दगडांनी ठेचला. आम्ही विचारले तर त्याने चटकन सांगितले, "सर, मकडी ने हुजूर को बचाया था. गिरगिट ने सर हिला के दुश्मन को बता दिया था." मागे बसणारी एक मुलगी म्हणाली, "लेकिन ये वाला गिरगिट तो वहाँ था ही नहीं!"

वर्ग हसला. आम्हाला हसता आले नाही, कारण लहानपणी सरड्याला दगड आम्हीही मारले होते.

इसवी सन 622 मधल्या हिजरतीच्या वेळी प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत अबू बकर (र.) सौरच्या गुहेत लपले होते. कुरआनातील सूरह तौबात या गुहेचा उल्लेख आहे, कोळ्याचा नाही. गुहेच्या तोंडावर कोळ्याने जाळे विणल्याची कथा रिवायतींमधून येते आणि ती कितपत भक्कम यावर हदीसच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. सरड्याची कथा तर लोकांच्या तोंडचीच. पण क्षणभर दोन्ही खऱ्या धरल्या, तरी एका कोळ्याचे पुण्य साऱ्या कोळ्यांच्या खाती आणि एका सरड्याचा गुन्हा साऱ्या सरड्यांच्या माथी कसा? कोणी कोणाचे ओझे वाहणार नाही, हे तर कुरआनात एकदा नव्हे, पाच ठिकाणी आले आहे.

हा प्रश्न आम्हा महाडकरांना नवा नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्यायले आणि त्यानंतर पंचगव्य ओतून ते तळे 'शुद्ध' करण्यात आले. दोष पाण्यात नव्हता. तो जन्मासोबत येतो असे मानले गेले होते. शतकानुशतकांपूर्वीच्या कुठल्या बादशहाचा हिशेब आज आमच्याकडे मागितला जातो, तेव्हा आम्ही चिडतो आणि तो सरडा आम्ही नव्हे, असे सांगतो. बरोबरच सांगतो.

पण दुसरी बाजूही बोलली पाहिजे. त्याच दिवशी, सत्याग्रही वीरेश्वर मंदिरात शिरणार अशी अफवा उठून त्यांच्यावर हल्ला झाला, तेव्हा कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना, ती फत्तेखान यांनी दिली. प्रत्येक सभेत आम्ही हे अभिमानाने सांगतो. गुहेवरचे जाळे जणू आम्हीच विणले! मात्र आमच्या मोहल्ल्यात दलित कुटुंब भाड्याने खोली विचारीत आले, तेव्हा 'नंतर सांगतो' म्हणणाऱ्यांत आमच्या ओळखीचे, नमाजी, शिकलेले लोक होते. आम्ही तिथेच उभे होतो आणि गप्प राहिलो. गुन्ह्याचा वारसा नाकारायचा आणि पुण्याईचा मात्र घ्यायचा, हा व्यवहार आम्हाला तेव्हा दिसला नाही. वर्गातल्या त्या मुलीमुळे दिसला.

यंदा जाळी काढताना कपाटामागे हाताच्या पंजाएवढा, चपटा, तपकिरी कोळी निघाला. पोटाखाली पांढरी, चपटी अंड्यांची पिशवी. हा जाळे विणतच नाही. रात्री भिंतीवर फिरून झुरळे धरतो. तरी दरवर्षी जाळ्यांच्या नावाने केरसुणीचा मार खातो. घरातली मंडळी चप्पल घेऊन धावली. गुहेची गोष्ट सांगितली असती तर सगळे लगेच थांबले असते. आम्ही ती सांगितली नाही, झुरळांचे सांगितले. कोणाला फारसे पटले नाही. कपाट तसेच पुढे ओढलेले आहे आणि कधी सरकवणार, म्हणून रोज विचारणा होते आहे.