झाडाची संमती

बागेतल्या झाडाविषयी आपण सौंदर्याच्या भाषेत बोलतो, क्वचित उपयुक्ततेच्या; न्यायाच्या भाषेत मात्र कधी बोलत नाही. झाडाच्या बाबतीत न्याय-अन्याय कसला, असे कोणीही विचारील. पण पाहुण्याला घर मानवले नाही तर तो उठून जातो; मांजरीसुद्धा पिले उचलून दुसरे घर शोधते. झाडाला तेवढीही मुभा नाही. ज्याला जागा सोडता येत नाही त्याच्यासाठी जागा निवडणे ही नुसती हौस नव्हे. ती जबाबदारी आहे.

आणि आपण निवडतो कसे? रोपवाटिकेतले फूल पाहून भुलतो आणि पुढे प्रचंड विस्तारणाऱ्या पर्जन्यवृक्षाचे रोप कुंपणालगतच्या दोन हात पट्टीत लावतो. वीस वर्षांनी त्याच्या फांद्या तारांना टेकल्या की कुऱ्हाड मागवतो. झाडाने काय केले? ते आपल्या स्वभावाप्रमाणे वाढले, इतकेच. २०१०नंतरच्या दशकात मुंबईच्या रस्त्यांवरचे अनेक पर्जन्यवृक्ष वाळून गेले. पिठ्या ढेकणांनी त्यांचा रस शोषला, हे खरे. पण बुंध्यापर्यंत सिमेंट ओतून मुळांचे हवापाणी तोडले की झाडात रोगाशी झुंजण्याचे बळ उरत नाही, हेही तितकेच खरे.

यावर सोपा तोडगा म्हणून कोणी म्हणेल, ‘देशी तेवढे लावा, परके नको.’ पण मग दसरा-दिवाळीच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, आमटीतली चिंच आफ्रिकेची आणि गुलमोहर मादागास्करचा, त्यांचे काय करावे? उलट ताम्हण अस्सल इथले, महाराष्ट्राचे राज्यपुष्प. पण ओल्याव्याची आवड असलेले ते झाड कोरड्या मुरमाड टेकडीवर लावले तर झुरतच राहील. तिथे आपटा, बहावा, कडुनिंब शोभतात. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उंडी आणि नारळ उभे राहतात. तेव्हा झाडाचे कूळ विचारण्याआधी त्याची तहान विचारावी, हे बरे.

तहानेचा प्रश्न निघाला की हिरवळीकडे वळावे लागते. थंड, ओलसर देशांत गवत आपसूक हिरवे राहते. आपल्या वैशाखात ते पाण्याच्या बळावरच हिरवे ठेवावे लागते. ‘पाण्याचे पैसे मी भरतो, मग हरकत कोणाची?’ हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. परंतु २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले होते. ज्या प्रदेशात अशी वेळ येते तिथे पाण्याची किंमत केवळ पावतीवरच्या आकड्याने ठरत नाही. पैसे दिल्याने पाणी आपले होते. पण शेजाऱ्याची घागर रिकामी असताना ते गवतावर ओतण्याचा अधिकारही मिळतो का, याचे उत्तर ज्याने त्याने द्यावे.

निवड योग्य झाली म्हणजे निगा सोपी होते. ऐन उन्हाळ्यात छाटणी करू नये. आळे बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या घेरापर्यंत असावे; त्यात पाचोळा पसरावा, म्हणजे ओल टिकते; फक्त तो बुंध्याला चिकटू देऊ नये. रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा झाड रुजल्यावर आठवड्यातून एकदा सावकाश, भरपूर घालावे. रोजच्या शिंपणाने मुळे वरवरच राहतात आणि पहिल्याच कडक उन्हात माना टाकतात. अति माया मुलांनाच बाधते असे नाही.

झाडाची संमती आधी घेता येत नाही. म्हणूनच निवडताना घाई करू नये. दिवाळीपासून मृगापर्यंत सात महिने हाती असतात. तेवढ्या काळात अंगणात ऊन कुठे तापते, वारा कुठून येतो, पाणी कुठे मुरते आणि वर कोणत्या तारा आहेत, हे नीट पाहून ठेवावे. घरातल्या मुलांनाही सोबत घ्यावे. कारण त्या सावलीत बसणार आहेत ती तीच. खड्डा खणावा तो त्यानंतर.