सस्पेन्स खाते

घरात एखादी वस्तू बंद पडली की पहिला प्रश्न ‘काय बिघडलं?’ असा येत नाही. ‘कुणी हात लावला होता?’ असा येतो. मिक्सर, इस्त्री, भिंतीवरचे घड्याळ, सगळ्यांना हा नियम लागू आहे. आमच्या घरी आरोपी कायमचा ठरलेला असल्यामुळे तपासाला वेळ लागत नाही. (आरोपी सध्या हा लेख लिहीत आहे.)

हा नियम साता समुद्रांपलीकडेही चालतो, हे मला मेहुण्यामुळे कळले. तो अमेरिकेत बफेलोला असतो. शहर ईरी सरोवराच्या काठी. हिवाळ्यात थंडगार वारे त्या मानाने उबदार पाण्यावरून येतात, वाफ उचलतात आणि काठावरच्या लोकांच्या दारात बर्फ करून टाकतात. २०२२ च्या नोव्हेंबरात जवळच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये एकाच वादळात सुमारे ८० इंच बर्फ पडला. माझ्यासारखा पाच फूट चार इंची कारकून त्यात उभा पुरला जाईल आणि वर छत्री उघडायलाही जागा उरेल.

तिथे दारापुढचा बर्फ हटवायला स्नो ब्लोअर नावाचे यंत्र ठेवतात. पुढचे फिरते पाते बर्फ आत ओढते आणि वरची वाकडी नळी तो लांब फेकते. इंजिन पेट्रोलवर चालते. ते सुरू करायचे दोन मार्ग : एक तर दोरी ओढायची, नाहीतर घरातल्या प्लगमधून वायर आणून जोडायची आणि स्टार्टरचे बटण दाबायचे. मेहुण्याचे बटण दोन हिवाळे मुके होते. तो दोरी ओढत होता आणि रात्री खांद्याला बाम चोळत होता.

“भावोजी, स्टार्टर गेला. त्या शेजाऱ्यानं एकदा नेला होता ना, तेव्हापासूनच!”

मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. पण विजेच्या स्टार्टरचे आणि आमच्या गल्ल्याचे जुने नाते आहे. तो मोटारगाडीत आणणारा चार्ल्स केटरिंग आधी कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत होता, आणि त्या यंत्राला त्याने विजेची मोटर बसवली होती. जोर क्षणभरच लावायचा असेल तर लहानशी मोटरही दांडगे काम करते, ही अक्कल गल्ल्यापाशी आलेली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ती वापरली गेली आणि हँडल मारता मारता मनगट मोडून घेण्याची प्रथा हळूहळू बंद पडली. मात्र ‘क्षणभर’ हा शब्द महत्त्वाचा. बटण दाबून धरले तर मोटर तापून जळते. क्षणभर जोर लावणारे आमच्या शाखेतही पुष्कळ आहेत. ते ३१ मार्चला दिसतात.

शिवाय तेरीज जुळेना की काय करायचे, हे मला ठाऊक आहे. फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकायची, म्हणजे ‘ही कुणाची ते आम्हांला अजून कळलेले नाही’ असे लेखी कबूल करायचे, आणि एकेक नोंद तपासायला बसायचे. मी मेहुण्याला म्हटले, “शेजाऱ्याला तूर्त सस्पेन्सला टाक. बटण दाब आणि ऐक.”

अगदीच शांतता असेल, तर वीज पोचत नाही. मोटर नुसती गरगरली आणि इंजिन ढिम्म राहिले, तर मोटरचे छोटे दातेरी चाक पुढे सरकून इंजिनच्या चाकात अडकत नाही. याची मोटर मात्र ‘हूंऽऽ’ करून थांबत होती. वर्गणी मागितल्यावर सोसायटीतले लोक करतात तसे. म्हणजे एक तर इंजिन आवळले आहे, नाहीतर वीज अपुरी पडते आहे. इंजिन दोरीने फिरत होते, तेव्हा ते निर्दोष सुटले.

“वायर दाखव.”

त्याने व्हिडिओवर वायर दाखवली. नाताळच्या दिव्यांच्या माळेला लावतात तसली, सुतळीएवढी, पन्नास फूट. जाडजूड वायर दोन वर्षांपूर्वी तळघरातल्या हीटरला गेली होती. स्टार्टर सुरुवातीला भरमसाट करंट ओढतो, आणि लांबलचक बारीक वायरीत व्होल्टेज वाटेतच गळते. १२० व्होल्ट घरातून निघतात खरे, पण सरकारी योजनेच्या पैशासारखे पोचतात थोडेच. त्याने जाड वायर आणून जोडली. पहिल्याच दाबाला इंजिन धडधडले.

म्हणजे वायर हलली आणि शेजाऱ्याने यंत्र नेले, या दोन गोष्टी एकाच आठवड्यातल्या. कावळा बसला आणि फांदी मोडली.

यंत्राचे मिटले. पण त्या दोन वर्षांत शेजाऱ्याकडे जाणारे दिवाळीच्या फराळाचे ताट बंद होते, त्याचे काय? त्याच्यावर खटला भरलेलाच त्याला ठाऊक नव्हता, तर सुटल्याचे कोणत्या तोंडाने सांगायचे? मेहुण्याला यात अडचण दिसली नाही. “यंदा डबल चकल्या पाठवू, भावोजी!” मी गप्प बसलो. बँकेत चुकीची नोंद खोडत नाहीत, उलटी नोंद करून फिरवतात, आणि ती अगदी तेवढ्याच रकमेची लागते. संशयाची रक्कम चकल्यांत किती होते?

आमच्या शाखेत एकदा २,७०० रुपये कमी भरले. त्या दिवशी नोटांची पेटी एका शिपायाने उचलली होती. त्याला कुणी काही बोलले नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून “चहा बाहेरच ठेव रे” असे कॅश केबिनमधून येऊ लागले. तिसऱ्या दिवशी जुन्या हेडक्लार्कनी फरकाला नऊने भागून पाहिले. भाग जातो म्हटल्यावर त्यांनी उलटसुलट आकडे शोधले, आणि ४,१०० च्या चेकची नोंद १,४०० झालेली सापडली. व्हाउचर दुरुस्त झाले, चहा आत येऊ लागला. आरोपच केला नव्हता, तेव्हा माफी मागण्याचा प्रश्न आला नाही.

तो शिपाई पुढे निवृत्त झाला. निरोपसमारंभात प्रत्येक वक्त्याने त्याला ‘प्रामाणिक’ म्हटले, काहींनी दोनदा. नंतर खुर्च्या उचलताना तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “साहेब, बाकीच्यांच्या सेंडऑफला पण इतक्यांदा म्हणतात का हो?”