देहाची साक्ष

तपासण्यांत दोष सापडत नाही आणि वेदना तर थांबत नाही. अशा वेळी डॉक्टरांचे ‘काही नाही’ हे शब्द रुग्णाला ‘तुमचे दुखणे खोटे’ असे ऐकू येतात. वस्तुतः कारण न सापडणे ही ज्ञानाची मर्यादा होय. वेदनेच्या अभावाचा तो पुरावा नव्हे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या निदानसंहितेत दैहिक लक्षणविकारासाठी ‘वैद्यकीय कारण न आढळणे’ ही अट वगळली, ती याच जाणिवेतून.

देहभान हरपणे हे मराठी मनाला धन्यतेचे लक्षण वाटते. या रुग्णांना मात्र देहभान परत मिळवायचे असते. स्वीडनमध्ये गर्ट्रुड रोक्सेन्दाल यांनी फ्रान्सच्या जाक द्रोप्सी यांच्या विचारांच्या आधारे तशी उपचारपद्धती घडविली. उभे राहणे, चालणे, श्वास घेणे या नित्याच्या क्रिया तीत सावकाश अनुभवायच्या असतात. तपासला जाणारा देह येथे स्वतःच जाणता होतो.

परंतु ‘देहाकडे लक्ष द्या’ या सांगण्यात ‘दोष तुमचाच’ असा आरोपही दडू शकतो. म्हणून रुग्णाच्या शब्दावर विश्वास ही या शिक्षणाची पहिली पायरी ठरते. ती गाळली, तर उपचार म्हणजे सौजन्याने केलेली बोळवणच.